दुर्गाचा चार्ज

"घर माझं, खुर्ची माझी, रविवार माझा, आन बनियनवर बसाची मले परवानगी नाही. काय जमाना आला बाप्पा!"

ही कुरकुर न्हाणीघराच्या दारामागून आली. आमच्या भिलाईतल्या रुआबांध्याच्या क्वार्टरात न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत इतकी पातळ आहे की आतला माणूस मनात बोलला तरी बाहेर फोडणी देणारीला ऐकू येतं. आमचे हे, म्हणजे मारोतराव, स्टील प्लँटच्या स्टोअरमध्ये क्लार्क. आठवडाभर त्यांच्या तोंडून शब्द निघत नाही, पण अंगावर पाणी पडलं की वाचा फुटते.

मी म्हटलं, "शर्ट घाला. कोर्टाची जागा आहे."

"कोर्टाची कावून? भाडं तर माझ्या पगारातून कटून राहिलं!"

मुद्दा बिनतोड होता, पण शर्ट घालावाच लागला.

आमची पुढची खोली कोर्टाची कशी झाली, ते ऐका. शैला आणि पंजाबराव ही आमच्या ओळखीतली नवरा-बायको वेगळी झाली. का झाली ते मला माहीत नाही. आणि जे मला माहीत नाही ते रुआबांध्यात कोणालाच माहीत नाही, असं खुशाल समजावं. शैला मुलीला घेऊन दुर्गला बापाच्या रेल्वे क्वार्टरात गेली. पंजाबराव प्लँटच्या कोक ओव्हनमध्ये, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला, तो इथेच एकटा राहिला. मुलगी दुसरीत. तिचं नाव दुर्गा. म्हणजे दुर्गच्या कोर्टात दुर्गाची केस. पुकारा करणारा चपराशी दर तारखेला अडखळायचा आणि आधी गाव म्हणू की मुलगी, अशा चेहऱ्याने कागदाकडे बघायचा.

बापाने मुलीला भेटावं, पण 'तटस्थ स्थानी' भेटावं, असं ठरलं. एका वकिलाने सुचवलेली जागा दुसऱ्याला चालेना, दुसऱ्याची पहिल्याला. शेवटी दोन्ही बाजूंनी ज्याला हरकत घेतली नाही असं एकच घर निघालं, ते आमचं. मला वाटलं, केवढा हा मान! मी शेजारच्या सत्यभामाबाईंना मुद्दाम जाऊन सांगितलं. त्या गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तटस्थ म्हंजे ज्याच्या असण्या-नसण्यानं कोणाले फरक नाही पडत, तो. बरोबर निवडलं."

माझा मान गव्हातल्या खड्यासारखा बाजूला पडला.

हुकूम हिंदीत होता. माझं शाळेतलं शिक्षण सातवीत संपलं, पुढचं सारं सिविक सेंटरच्या लायब्ररीत उभ्याउभ्या झालं. त्यामुळे हुकूम दुसऱ्या कोणाकडून वाचून घेणं मला कमीपणाचं वाटलं. मी तो स्वतःच वाचला. तिथेच चुकलं.

पण ती चूक पुढची. पहिला घोळ माझा नव्हता. दोन्ही वकिलांनी मिळून जो मसुदा दिला होता त्यात 'पिता के साप्ताहिक अवकाश के दिन' असं लिहिलेलं होतं. आता साप्ताहिक अवकाश, म्हणजे आठवड्याची सुट्टी म्हटल्यावर सगळ्या हिंदुस्थानाला रविवार आठवतो. फक्त भिलाईला आठवत नाही. इथे भट्टी रविवार ओळखत नाही. शिफ्टवाल्याचा ऑफ आज सोमवारी, पुढे कधी गुरुवारी, रोस्टर फिरेल तसा फिरतो. आमच्या गल्लीत "आज वार कोणता" असं कोणी विचारत नाही, "आज ऑफ कोणाचा" असं विचारतात.

तर शैला रविवारी मुलीला घेऊन आली. इस्त्रीचा फ्रॉक, दोन वेण्या, हातात पाण्याची बाटली. पंजाबराव ड्युटीवर. दिवसभर ती पोर आमच्या दिवाणावर दाराकडे तोंड करून बसली. मग बुधवारी पंजाबराव आला. दाढी केलेली, हातात बिस्किटांचा पुडा. दुर्गा शाळेत. तो आमच्या खुर्चीवर दाराकडे तोंड करून बसला. मग शैलाने अर्ज केला की त्याने हुकूम मोडला, आणि त्याने अर्ज केला की तिने मोडला. दोन्ही दिवस घरात हजर राहून हुकूम पाळला तो मी एकटीने. त्याची नोंद कुठेच नाही.

मग सल्ले आले. सत्यभामाबाई म्हणाल्या, रोस्टरच भिंतीवर लावा. मी लावलं, गणपतीच्या कॅलेंडरशेजारी. तेव्हापासून गल्लीतले लोक आपापली शिफ्ट बघायला आमच्या घरात येऊ लागले. एकजण तर चप्पल न काढता आला, नाईट लागलेली पाहून आमच्याच खुर्चीत बसला आणि पाणी मागितलं.

शेवटी कोर्टात साहेबांनी ऐकून घेतलं, हसले, आणि साधं 'रविवार' लिहून दिलं. पंजाबरावाने फोरमनच्या हातापाया पडून रविवारचा ऑफ मिळवला. मला वाटलं, सुटलो. मारोतरावांना वाटलं, बनियन परत मिळाली. दोघंही चुकलो.

शैलाचे वकील केवलराम कोर्टाच्या आवारात लिंबाखाली टेबल टाकून बसायचे. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "भाभीजी, अगली पेशी में आपको पालन-प्रतिवेदन देना है।" हुकमातही मी हेच शब्द वाचले होते. प्रतिवेदन म्हणजे अहवाल, हे मला ठाऊक होतं. आणि पालन म्हणजे पालन! सात भावंडांत वाढलेल्या, दोन पोरं मोठी करून नागपूरला शिकायला पाठवलेल्या बाईला पालन म्हणजे काय हे काय विचारायचं?

मी जीव ओतून लिहिलं. चार पानं भरली. हिंदी माझी स्वतःची होती, पण अर्थ सरळ होता. दुर्गाने दीड पोळी खाल्ली. वांग्याची भाजी बाजूला सारली. खोकला आहे, रात्री वाढत असावा, अडुळसा द्यावा. नखं वाढली होती, मी काढली. पायाला बूट चावतो, एक नंबर मोठा हवा. डोक्यात कोंडा. हसली नाही, पण मांजर आली तेव्हा उठून तिच्याजवळ गेली.

तारखेला साहेबांनी चारही पानं वाचली. पहिलं पान गंभीरपणे. दुसऱ्या पानावर बूट आला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "माताजी, यह तो बच्ची का पालन है। हमने आदेश का पालन पूछा था। पिता समय पर आए या नहीं, माता लेकर आई या नहीं, बस।"

सगळं कोर्ट हसलं. पंखा हसला. हसण्याचं मला काही नाही. पण माताजी? मी तेव्हा पंचेचाळिशीत होते, आणि त्या दिवशी मुद्दाम मोरपंखी साडी नेसून गेले होते.

मानभंग झालेलं माणूस धीट होतं. मी म्हटलं, "साहब, आदेश का पालन तो लिख दूँगी. मगर फिर बच्ची का पालन कौन लिखेगा?"

हसणं थांबलं. साहेबांनी एकदा शैलाकडे पाहिलं, एकदा पंजाबरावाकडे. मग केवलराम वकील उठले आणि म्हणाले, की पिता दर रविवारी उशिरा येतो, येऊन गप्प बसतो, त्याला मुलीत रस नाही, सबब ही भेट बंद करावी. बाकीचं बोलणं मी नीट ऐकलं नाही. एवढं कळलं की पुढच्या तारखेपर्यंत सुधारणा दिसली नाही तर भेटी बंद. पंजाबराव आपल्या बुटांकडे बघत होता. शैलासुद्धा बघत होती, त्याच्याच बुटांकडे.

बाहेर व्हरांड्यात तो माझ्यामागे आला. मला वाटलं, उशिराची सारवासारव करील. तो म्हणाला, "काकू, त्या चार पानांची नक्कल हाये काय तुमच्यापाशी?"

"कशाले?"

"अशीच." मग म्हणाला, "वांगं नाही खात ती? कधीपासून?"

आता सांगा, ज्याला मुलीत रस नाही असा बाप वांग्याची चौकशी करेल? त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं. मी काही फार हुशार बाई नाही, पण एखादी गोष्ट कळली नाही की मला जेवण जात नाही. हा माणूस हातापाया पडून ऑफ बदलून घेतो, कागदाची नक्कल मागतो, मग वेळेवर का येत नाही?

पुढच्या रविवारी कळलं, की तो वेळेवरच येतो. वेळेच्याही आधी. सत्यभामाबाई गच्चीवर पापड वाळत घालता घालता ओरडल्या, "रमाबाई! तुमचा आरोपी पाण्याच्या टाकीपाशी उभा हाये!"

टाकी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान वाकडी केली तर दिसते. खरंच, पंजाबराव टाकीखाली स्कूटर लावून उभा. मग खाली बसून काहीतरी खुडबुड करी, उठे, आमच्या घराकडे बघे, परत खाली बसे. इकडे दुर्गा दिवाणावर बाटली धरून वाट बघतेय.

गल्लीत तर्क सुरू झाले. सत्यभामाबाईंच्या मते ज्योतिषाने मुहूर्त दिला असावा. कोपऱ्यातल्या पानठेलेवाल्याच्या मते दारू, पण तो सगळ्याच गोष्टींना दारू म्हणतो. मारोतराव न्हाणीघरातून म्हणाले, "स्कूटर खराब असंल." पुरुषांच्या बाबतीत पुरुषांची कल्पनाशक्ती स्कूटरच्या पलीकडे जात नाही.

मी पिशवी घेतली आणि कोथिंबीर आणायला म्हणून टाकीकडे निघाले.

"काकू," पंजाबराव मला पाहून उभा राहिला, "कोथिंबीर इकडं नाही भेटत. बाजार तिकडं हाये."

"मले मालूम हाये. फिरत जाऊन राहिले. तू काय करून राहिला?"

"प्लग साफ करून राहिलो."

प्लग इतका स्वच्छ होता की त्यात तोंड पाहून कुंकू लावता आलं असतं. मी बाजारात गेले आणि खोटं लपवायला खरी कोथिंबीर विकत घेऊन आले. घरी आधीच दोन जुड्या होत्या. त्या आठवड्यात आम्ही प्रत्येक पदार्थात कोथिंबीर खाल्ली.

इकडे शैलाचंही एक प्रकरण होतं. हुकमात लिहिलं होतं की भेटीच्या वेळी आईने हजर राहू नये. पण दुर्गला परत जाऊन पुन्हा यायचं म्हणजे अर्धा दिवस बसमध्ये. म्हणून पहिल्यांदा ती सत्यभामाबाईंकडे बसली. त्यांनी तिला इतके प्रश्न विचारले की दुसऱ्या रविवारी ती मागच्या दाराने माझ्या स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "काकू, मी इथं बसते. भाजी निवडून देते, काही बोलत नाही." मी केवलराम वकिलांना विचारून घेतलं. त्यांनी लिंबाखाली डोळे मिटून बराच विचार केला आणि म्हणाले, "दिखेगी तो उपस्थित। नहीं दिखेगी तो अनुपस्थित।" तेव्हापासून स्वयंपाकघराच्या दाराला पडदा लागला. पडद्यामागे शैला पाटावर बसून अनुपस्थित राहायची आणि पालक निवडायची. तिने आमच्या घरी इतका पालक निवडला की मारोतरावांनी एकदा विचारलं, हाही कोर्टाचा हुकूम आहे काय.

आणि पुढच्या खोलीत काय चालायचं? सांगते. पंजाबराव यायचा, बिस्किटांचा पुडा टीपॉयवर ठेवायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा.

"जेवली का?"

"हं."

"अभ्यास?"

"हं."

"शाळा?"

दुर्गा विचारात पडायची. शाळा म्हणजे काय उत्तर द्यायचं? "है," असं म्हणायची.

मग पंखा. मग घड्याळ. मारोतरावांना ही शांतता सोसवायची नाही, ते वर्तमानपत्र उघडून मोठ्याने वाचू लागायचे, भोपाळमध्ये कोण मंत्री कोणावर रुसला, जबलपूरला किती पाऊस झाला. बाप-लेक दोघंही मन लावून ऐकायची. मी आत मुद्दाम भांडी वाजवायची. पडद्यामागे शैलाचे हात थांबलेले असायचे. एकदा दुर्गाला ठसका लागला तर ती पाटावरून अर्धी उठली आणि परत बसली, कारण उठली तर दिसली असती आणि दिसली तर उपस्थित झाली असती.

तारखेआधीचा शेवटचा रविवार आला. त्या दिवशी पंजाबराव टाकीपाशी इतका वेळ थांबला की सत्यभामाबाईंचे पापड वाळले. तो आत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांना तेल होतं आणि बिस्किटांच्या पुड्यावर बोटांचे काळे ठसे. दुर्गा दिवाणावर बसून हिंदीतलं पोरांचं मासिक वाचत होती. म्हणजे पान उघडं होतं, उलटत नव्हतं.

"जेवली का?"

"हं."

मारोतरावांनी वर्तमानपत्र उघडलं. नेमक्या त्याच वेळी सत्यभामाबाई विरजण मागायच्या निमित्ताने आल्या आणि विरजणाची वाटी हातात धरून दारातच उभ्या राहिल्या. मला उद्या अहवालात लिहायचं होतं. समय पर आए या नहीं? नहीं. एवढं एक 'नहीं' लिहिलं की हा माणूस परत या खुर्चीवर बसणार नाही. आणि खोटं लिहिणं मला जमत नाही, कोथिंबीर आणावी लागते.

मी चिवड्याची बशी त्याच्यापुढे ठेवली आणि तशीच उभी राहिले.

"पंजाबराव, एक विचारते. तू त्या टाकीपाशी कावून उभा राहतोस?"

"प्लग—"

"प्लगचं नाव काढू नको. तुझ्या प्लगाइतकी स्वच्छ माझी भांडीबी नाहीत."

मारोतराव वाचता वाचता थांबले. पंजाबरावाने चिवड्यातला एक शेंगदाणा उचलला, पाहिला, परत ठेवला.

"काकू, आमच्याकडं शिफ्ट कशी बदलते, तुमाले मालूम हाये?" तो बशीशी बोलावं तसं बोलत होता. "जाणारा माणूस तसाच नाही जात. भोंगा झाला तरी उभा राहते. आलेल्याले चार्ज देते. कोणतं दार गळून राहिलं, कोणतं ओव्हन जास्त तापलं, कशाले आता हात नाही लावाचा. ते सारं ऐकल्याबिगर मी कधी ड्युटी उचलत नाही. पंधरा वर्सं झाली, कधीच नाही."

"मग?"

"मग इथं मले चार्ज कोण देते? पोरगी दारात येऊन बसते. आठ दिवसांत काय झालं तिचं, कोणासंग भांडली, कशानं दुखावली, मले काय मालूम? कशाले हात लावू, कशाले नको?" त्याने तेलकट हात पँटला पुसले. "आधी घरी होतो तवा शैलाच सांगे. हे झालं, ते झालं, तिनं असं म्हटलं. मी जेवता जेवता हं म्हणो. मले वाटे, मीच बोलून राहिलो पोरीसंग. आता शैला नाही तर..."

सत्यभामाबाईंच्या हातातली वाटी वाकडी झाली होती, त्यांना पत्ता नव्हता.

"मले माझ्या पोरीशी बोलता नाही येत, काकू. म्हणून मी तिथं उभा राहतो. दर वेळी ठरवतो का आज हे विचारीन. दारात आलो का जेवली का, एवढंच निघते."

दुर्गा मासिकातून वर बघत नव्हती, पण तिचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला. पडदा हलला नाही. नुसता आवाज.

"खालचा दात पडला तिचा."

पंजाबरावाने मान वर केली.

"वांगं सोडलं, पण भेंडी चालते," शैला सांगू लागली. आवाज सरळ होता, हाती घेतलेलं काम संपवून जायचं असावं तसा. "खोकला बरा हाये, पण बर्फाचा गोळा मागितला तर देऊ नका. वर्गातल्या रत्नमालाचं नाव काढू नका, कट्टी हाये. पाढे चौदापर्यंत येतात, पंधराचा विचारला का रडते. लाइट गेली का भेते, म्हणत नाही पण भेते, तवा हात धरा लागते. तुमच्या त्या निळ्या मफलरवर झोपते, धुवाले देत नाही."

आदेशाचं पालन त्या क्षणी झालं की मोडलं, हे मला आजही सांगता येणार नाही. दिसत तर कोणीच नव्हतं. मारोतरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली. सत्यभामाबाई विरजणाची वाटी तशीच घेऊन, विरजण न घेता, मागे सरकल्या.

"आन शाळेच्या मागं ती जी कुत्री हाये," पडद्यामागचा आवाज पुढे म्हणाला, "तिले परवा—"

"मम्मी, बस!" दुर्गा मासिक टाकून दिवाणावर उभीच राहिली. "कुत्ते वाली बात तू मत बता! वो मैं बताऊँगी बाबा को!"